तिकडचं म्हणून सांगितलेलं

"वैनी तिकडचं म्हणून जे काय सांगतील ते लिहून घ्या. पण ते तिकडं शोधायला जाऊ नका, बाई."

बापू चौगुले हे मला पहिल्याच दिवशी म्हणाले. मी फाटकाची कडी लावत होते, दुसऱ्या हाताने पोटाशी बांधलेल्या रेवाचं डोकं सावरत होते, आणि रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. बापू घराच्या पुढच्या सोप्यातल्या लोखंडी खुर्चीवर बसलेले, मांडीवर टोपी, हातात काठी. मी "हो हो" म्हटलं आणि रिक्षात बसले. मनात म्हटलं, झालं. घरातल्या बाईने तोंड उघडलं की घरातला पुरुष बाहेर येऊन सांगणार, तिचं फार मनावर घेऊ नका.

तेव्हा मी कादंबरी लिहीत होते. दुसरं महायुद्ध संपलंय, पोलंडमधलं एक शहर निम्मं पडलंय, पहिला हिवाळा, आणि त्या पडक्या शहरात तान्हं मूल घेऊन राहणारी एक बाई. मी युरोप पाहिलेला नाही. पासपोर्टवर अजून एकही शिक्का नाही. इतिहासात एम.ए. केलं, लग्न झालं, संग्रामच्या नोकरीपायी नाशिकहून कोल्हापुरात आले आणि दिवस गेले असताना हे सुरू केलं. माझी नणंद पाहुण्यांना सांगायची, "वहिनी पोलंडचा हिवाळा लिहितात. तांबडा रस्सा अजून जमत नाही, पण पोलंड जमतंय."

पुस्तकांतून मला सैन्यं कळत होती, करार कळत होते. पण त्या थंडीत बाळाला अंघोळ कशी घालायची, लंगोट कुठे वाळवायचे, दूध आटलं तर काय करायचं, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. कुणीतरी मला हेलनाआजींचं नाव सांगितलं.

युद्धाच्या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी होती. रशियातून कसेबसे सुटलेले पाचेक हजार लोक, त्यात बायका आणि मुलंच जास्त. युद्ध संपल्यावर छावणी रिकामी झाली. काही पोलंडला परतले, बरेच इंग्लंड-ऑस्ट्रेलियाकडे पांगले, आणि अगदी मोजक्या मुली इथेच लग्न करून राहिल्या. छावणीला दूध घालणाऱ्या, वळिवड्याच्याच दत्तोबा चौगुल्यांनी हेलनाला घरी आणलं. आई छावणीतच वारलेली. थोरली बहीण सोफिया परत गेली, ही राहिली. दत्तोबा जाऊनही आता बरीच वर्षं झाली होती. घरात हेलनाआजी, मुलगा विलास, सून शालन आणि दत्तोबांचे धाकटे भाऊ बापू.

मला वाटलं होतं, एखादी नाजूक, तुटक मराठी बोलणारी म्हातारी भेटेल. भेटली ती नऊवारी नेसलेली, निळ्या डोळ्यांची आणि भाजीवालीशी भांडणारी.

"पेंडी म्हणतीस ह्याला? कोंबडीबी तोंड लावायची न्हाई. जा, पुढं जा." मग माझ्याकडे वळून, "ये की पोरी. एवढ्या उन्हाचं लेकराला घेऊन फिरतीस? टोपडं कुठं हाय तिचं?"

कोल्हापूरच्या बायका स्वतःबद्दल बोलताना 'मी जातो, मी येतो' म्हणतात, तशाच त्याही म्हणायच्या. "मी सांगतो, तू लिही," असं म्हणून त्यांनी सोप्यात गोधडी अंथरली. रेवाला त्यावर निजवलं. बापूंची खुर्ची तिथेच, हातभर अंतरावर. मी एकदा म्हटलंही, "आत बसूया का? बापूंना त्रास नको."

"त्येला कसला तरास? बसू दे. कान हायेत, वापरू देत जरा."

बापू तिथेच बसून राहिले. त्या दोघांना एकमेकांशी सरळ बोलताना मी फारसं कधी पाहिलं नाही. "शालन, बापूंना विचार, भाकरी वाढू का." "शालन, वैनींना सांग, गोळी घ्यायची राहिलीय." शालन मधे उभी राहून दोघांकडे बघायची आणि मला डोळा मारायची. "टेलिफोन एक्स्चेंज हाय मी ह्या घरातलं," म्हणायची.

मी आठवड्यातून दोनदा तरी जायला लागले. हेलनाआजी स्वतः पोलंडला कधीच परत गेल्या नव्हत्या; पण सोफियाने त्यांना सगळं सांगितलं होतं. ती एकदा येऊन दोन महिने राहून गेलेली. त्या जोरावर हेलनाआजी मला ते शहर दाखवायच्या. रेल्वेच्या रुळांत कोळसा वेचणाऱ्या बायका. काचा नसलेल्या खिडक्यांना लावलेले पुठ्ठे. एका चुलीवर चार बिऱ्हाडांचं रांधणं, आणि त्यावरून होणारी भांडणं. "भांडणं सगळीकडं सारखीच गं. चूल एक आन् बायका चार म्हटल्यावर पोलंड काय आन् हुपरी काय."

मधूनमधून मी रेवाच्या नाकाखाली बोट धरून बघत होते. ती माझी सवयच झाली होती. झोपलेलं मूल फार शांत दिसलं की माझा हात आपोआप तिकडे जायचा.

"कितीदा बघशील?" एक दिवस हेलनाआजी म्हणाल्या. "घेतीया श्वास."

"सवय लागलीय."

"बघ. मी न्हाई म्हणत न्हाई. बघत जा." आणि मग, आवाज जरा चढवून, जणू मी बहिरी आहे, "सोफियाच्या शेजारी एक बाई हुती. मारिया. तिचं सांगतो तुला."

मी वही उघडली.

"कवळी पोर हुती. अठरा-एकोणिसाची. परक्या गावात आलेली, त्या गावाची भाषा नीट येत न्हवती."

ते जुळत होतं. युद्धानंतर त्या शहरात माणसं कुठून कुठून आणून बसवली होती. परकं कोण नव्हतं?

"तिला मुलगा झाला. यानेक. अजून बारसं... म्हंजे ते पाणी शिंपडून नाव ठेवत्यात ना, ते झालं न्हवतं. नाव तिनंच आपलं मनात ठेवलेलं. त्येला ताप आला. पोट उडाय लागलं." त्यांनी स्वतःच्या बरगड्यांखाली हात ठेवून दाखवलं. "डागदर लांब. घरातली म्हणाली, उतरंल. न्हाई उतरला."

बापूंनी काठी या हातातून त्या हातात घेतली.

"सकाळी दोघं जण घिऊन गेली त्येला. कापडात गुंडाळून, हातावरच. आईला न्हेलं न्हाई. आईनं जायचं नसतंय. खड्डा केला, आत मीठ घातलं. चांगलं पायलीभर मीठ. वर माती, मातीवर काटं, काट्यावर दगूड. कुत्री उकरू ने म्हणून. आन् घरी आली. हातपाय धुतलं. कुठं पुरलं, ते तिला कुणी सांगितलं न्हाई."

बापू उठले. खुर्ची करकरली. काठी टेकत ते घरामागच्या परड्याकडे निघून गेले. हेलनाआजी त्यांच्या पाठीकडे बघत राहिल्या.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? संपलं." त्यांनी रेवाच्या पायांवरची चादर सारखी केली. "तू शोधून काढतीस म्हणं. कोण कुठं गाडलंय ते. शालन सांगत हुती, तिकडं सगळ्याचं कागद असत्यात."

"बऱ्याच ठिकाणी असतात."

"मग बघ की. यानेक कुठं हाय ते."

"मारियाचं आडनाव?"

त्या थांबल्या. "नोव्हाक लिही."

पोलंडमध्ये नोव्हाक म्हणजे आपल्याकडे पाटील. तरी मी लिहून घेतलं. माझ्यासाठी तो दिवस म्हणजे घबाड होतं. त्या रात्रीपासून मी तो प्रसंग कादंबरीत घ्यायला लागले, आणि सगळं चपखल बसत गेलं. आईला का नेलं नाही? संचारबंदी. काटे कसले? काटेरी तार, युद्ध संपलेल्या शहरात दुसरं काय पडलेलं असणार? आणि मीठ. मिठावर मी जरा अडले, मग तेही सुटलं. बर्फाने गोठलेली जमीन कुदळीला दाद देत नाही, मीठ टाकलं की बर्फ वितळतं. मला माझ्याच हुशारीचं कौतुक वाटलं. संग्रामला सांगितलं तर तो मोबाइलमधून मान वर न करता "भारी" म्हणाला.

मी तिकडे पत्रव्यवहार सुरू केला. महापालिकेचं दफ्तर, चर्च, दफनभूमीची कार्यालयं. रेवा झोपली की मोडक्या इंग्रजीला भाषांतराच्या ॲपची जोड देऊन मेल लिहायचे. बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. एका निवृत्त ग्रंथपालांनी मात्र मनावर घेतलं. मोठी सभ्य मेल असायची त्यांची. नोंदी चाळून त्यांनी कळवलं, या नावाची पुष्कळ मुलं त्या वर्षांत गेली, पण तुम्ही सांगता तसं जुळणारं एकही नाही. मिठाबद्दल त्यांनी लिहिलं, असा प्रकार मी कधी ऐकला नाही. माझी आई त्या दिवसांत मीठ चिमटीने वापरायची, खड्ड्यात कोण टाकेल?

मला वाटलं, एकाच माणसाला सगळं कसं माहीत असेल? मी आणखी तिघांना मेल केल्या.

दर खेपेला हेलनाआजींचा पहिला प्रश्न तोच. मोठ्याने. "सापडलं का गं काय?"

"अजून नाही आजी. पण सापडेल."

"सापडंल म्हणतीया," त्या माझ्याकडे न बघता म्हणायच्या. "आता माजं काय ऱ्हायलंय? ह्या दिवाळीला हाय, पुढच्या न्हाई. सापडलं तर त्या मारियाच्या नावानं एक फूल ठिवीन म्हणत हुतो."

"तुम्ही कशा ठेवाल? ते तिकडं."

"ठिवायचं माजं मी बघतो. तू शोध."

त्यांना ही शेजारीण इतकी का लागली, हा प्रश्न मला पडला नाही असं नाही. वहीत कडेला मी लिहूनही ठेवलं होतं, 'सोफियाशी नातं? की सोफियाच मारिया?' म्हणजे इतपत मला सुचलं होतं. आणि मी तसाही शोध घेतला. सोफियाच्या नावाने, तिकडेच.

पावसाळा सरत आला तेव्हाची गोष्ट. मी निघाले तर बापू फाटकापाशी उभे होते. "चला, रिक्षापत्तुर सोडतो," म्हणाले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच. आम्ही हळूहळू चाललो. काठी, मग पाय, मग काठी.

"घावलं का काय तिकडं?"

"नाही अजून. पण नोंद असणारच कुठेतरी."

"नोंद नसली तर?"

"मग कुणीतरी पाहिलेलं असेल. ती दोन माणसं, जी घेऊन गेली. त्यांच्या घरातलं कुणी."

"पाहिल्यालं असतंय," बापू म्हणाले. "पण पाहणाऱ्याला शपथ असती, बाई."

मी चालता चालता थांबले. काय वाक्य होतं! पर्समधून पेन काढून मी ते तळहातावर लिहून घेतलं, रेवाला कडेवर तोलून. बापू शांतपणे बघत राहिले.

"लिवलं?"

"हो. कादंबरीत वापरते हं, तुमचं नाव नाही घालत."

ते थोडे हसले. पुढे कोपऱ्यावर रिक्षा उभी होती. त्यांनी काठीवर दोन्ही हात ठेवले. "येत्या ऐतवारी सकाळी याल का? जरा चालायचं हाय. लई लांब न्हाई. वड्याच्या अंगाला."

"येते की. काही दाखवायचंय?"

"या तर. पण पोरीला आणू नका."

"अहो, ती माझ्याशिवाय राहत नाही."

"शालनकडं ठेवा घटकाभर. तान्ह्याला तिकडं न्यायचं नसतंय. आणि वैनींना बोलू नका, मी बोलावलंय म्हणून."

मला वाटलं, छावणीचे काही जुने अवशेष असतील, एखादा चौथरा, एखादी खूण. मी रविवार पक्का केला. संग्रामला गाडी मागितली.

रविवारी सकाळी रेवा तापाने फणफणली होती. साधा व्हायरल, डॉक्टर म्हणाले. पण मी तिच्या बरगड्या बघत बसले. पोट उडतंय का, हे आता मला माहीत झालं होतं ना. शालनला फोन केला. "बापूंना सांगा, पुढच्या रविवारी नक्की."

"कशाला बोलवलं हुतं त्यांनी?"

"असंच. गप्पा."

"बापू आन् गप्पा!" शालन हसली. "बरं, सांगतो. पोरीला जपा."

मधल्या आठवड्यात तिचाच फोन आला. बापू दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. दवाखाना नाही, दुखणं नाही. "लई सोनं झालं म्हाताऱ्याचं," ती म्हणाली. "पण आत्ती आमच्या खुळ्यागत कराय लागल्यात. रडणं ठीक हाय, दीर हुता. पण मेलेल्या माणसाला हलवून हलवून काय विचारायचं? 'सांगा, सांगा' म्हणत हुत्या. चार बायकांनी ओढून आत न्हेलं."

मी तेराव्यापर्यंत जाऊ शकले नाही. रेवाचा ताप उतरला होता, पण मला तिला घेऊन सुतकाच्या घरात जायचं धाडस होईना. तेवढ्यात हातातलं पूर्ण करावं म्हणून मी ते प्रकरण संपवलं, चांगलं टाइप केलं आणि संग्रामला वाचायला दिलं. तो कधी वाचत नाही. त्या दिवशी चहा घेत वाचत बसला. मी समोर रेवाला खिमट भरवत होते.

"हे मीठ," तो म्हणाला, "बर्फासाठी नसतं."

"म्हणजे?"

"आमच्या काकांचं बाळ गेलं ना, सव्वा महिन्याचं. लहान मूल जाळत नाहीत आपल्यात. पुरतात. मी दुकानातनं मीठ आणलं होतं, मोठं खडे मीठ. वर बाभळीचे फाटे टाकायचे आणि दगड, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून. बायका जात नाहीत. आईला जागा सांगत नाहीत." त्याने पान उलटलं. "तिकडंही असंच करतात का? मला माहीत नव्हतं."

मी चमचा धरून बसले होते. रेवा तोंड उघडून वाट बघत होती.

माझं माहेर सोवळ्यातलं, शहरातलं. आमच्याकडे असं कुणाचं मूल माझ्या देखत गेलं नव्हतं. आणि गेलं असेल तर मुलींसमोर ते कुणी बोललं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी वळिवड्याला गेले. रेवाला शालनकडे दिलं. शालन माझ्या चेहऱ्याकडे बघून काही न विचारता तिला घेऊन आत गेली. हेलनाआजी सोप्यात भिंतीला टेकून बसल्या होत्या. बापूंची खुर्ची कुणीतरी घडी करून कोपऱ्यात ठेवली होती.

मी त्यांच्याजवळ खाली बसले. "आजी, मारिया कुणी नव्हती."

"न्हाई."

"यानेक तुमचा."

"माजा. विलासच्या आदला." त्या शांत होत्या. "यानेक माज्या बापाचं नाव. ह्या घरात त्येला कुणी नावानं हाक मारली न्हाई. मारायच्या आधीच ग्येला."

"मला सरळ का नाही सांगितलंत? मी उगाच तिकडे..."

"तुला खरंखुरं शोधाय कुठं सांगितलं मी? तू वही घिऊन येत हुतीस, म्हणून म्हटलं शोध. शोधाय न्हवतंच काय. सांगायचं हुतं." त्यांनी रिकाम्या कोपऱ्याकडे बोट केलं. "त्येनं."

मग त्यांनी सांगितलं. यानेकला दत्तोबा आणि बापू घेऊन गेले होते. बापूंना तेव्हा मिसरूड फुटत होतं. परत आल्यावर सासूबाईंनी दोघांना देवासमोर उभं करून आपली शपथ घातली, पोराच्या आईला जागा कधी सांगायची नाही. आईने जागा बघितली की तिची कूस तिथंच अडकते, पुढचं मूल धरत नाही.

"सासूबाई वाईट न्हवत्या गं. भाकरी त्यांनीच शिकवली मला. मराठी त्यांनीच शिकवली. त्यांना वाटलं, परकी पोर हाय, येडीपिशी हुईल, जाऊन बसंल तिथंच. आन् पुढं विलास झाला. म्हंजी त्यांचं खरं ठरलं." त्या जराशा हसल्या. "मी एकदा ह्यांना विचारलं. हे रडाय लागलं. पुन्ना विचारलं न्हाई. हे ग्येलं. मग ऱ्हायला एकच. त्येला विचारलं, तर तो मान खाली घालून परड्यात ग्येला. त्येच्याशी बोलणंच सोडलं मग मी."

"आणि मी?"

"शपथ मला न सांगायची हुती, पोरी. तुला न सांगायची न्हवती." त्यांनी माझा हात धरला. हात गरम होता, कोरडा. "म्हणून तुला ह्या सोप्यात बसवलं. म्हणून वरडून सांगत हुतो. म्हटलं, त्येच्या मनात यील कवातरी. ह्या पोरीला सांगावं असं वाटंल. मग तू मला सांगशील. शपथबी मोडायची न्हाई." मग त्यांनी विचारलं, "तुला काय बोलला का गं तो? कवा? काय तरी?"

मला खोटं बोलता आलं असतं. मी बोलले नाही. रविवारचं सगळं सांगितलं. ओढ्याच्या अंगाला, लई लांब न्हाई, तान्ह्याला न्यायचं नसतंय. त्या ऐकत असताना त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं, की मला तिथून उठून रेवाला उचलून पळत सुटावंसं वाटलं. ते दुःख नव्हतं. ती आशा होती. या वयात, बापू गेल्यावर.

"वड्याच्या अंगाला म्हणला?"

"हो."

"कुठल्या अंगाला? अलीकडं का पलीकडं?"

"एवढंच म्हणाले."

त्या उठल्या. मला कळायच्या आत पायात चपला सरकवून फाटकापाशी पोचल्या. मी मागे धावले. आम्ही ओढ्यापर्यंत गेलो. आता त्याला ओढा म्हणायचा म्हणून म्हणायचा. अलीकडच्या काठावर प्लॉट पडलेत, कंपाउंडच्या भिंती उठल्यात, एका ठिकाणी जेसीबीने सगळा उतार सपाट करून मुरूम टाकलाय. पलीकडे वीटभट्टी, त्यामागे उसाची शेतं. बाभूळ एकही नाही. हेलनाआजी काठाकाठाने चालत होत्या. थांबायच्या, खाली बघायच्या, पुढे जायच्या. दगड दिसला की वाकायच्या. दगड सगळीकडे होते.

"आजी, चला. ऊन आहे."

"तुला म्हणला न्हाई, कशाच्या जवळ? झाड? हीर? काय खूण?"

"नाही."

"आठव."

"नाही आजी. नाही म्हणाले."

मी गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून आले. विलासदादांनाही सांगावं लागलं. आपल्या आधी एक भाऊ होता, हे त्यांना साठी उलटल्यावर कळलं. ते आधी माझ्यावर चिडले, मग आईला म्हणाले, "आता काय उपयोग हाय, आई? माती झाली त्येची कवाच." माहीत असलेला एकही माणूस उरला नव्हता. त्या वेळचे बापूंच्या वयाचे दोघे सापडले, त्यांतल्या एकाला ऐकू येत नव्हतं आणि दुसरा म्हणाला, "वड्याच्या काठाला सगळ्यांचीच पुरायचो, ताई. कुणाचं कुठलं, कोण सांगणार?"

हेलनाआजी रोज जायला लागल्या. दुपारचं जेवण झालं की काठी घेऊन ओढ्यावर. बापूंचीच काठी. कधी वीटभट्टीकडे, कधी प्लॉटांकडे. एकदा कुणाच्या तरी घराच्या पायासाठी खणलेल्या खड्ड्यात पडल्या. विलासदादांनी फाटकाला कुलूप लावलं. त्या मागच्या परड्यातून गेल्या. शालन मागे मागे पळायची, मग तीही थकली. "त्या पोलिश बोलत्यात तिथं बसून," तिने मला फोनवर सांगितलं. "आमच्यासंगं शब्द न्हाई. तिथं मात्र तासतास."

मी कादंबरी सोडून दिली. वर्षभरात संग्रामची बदली वडोदऱ्याला झाली. निघण्याआधी भेटायला गेले तेव्हा हेलनाआजी घरी नव्हत्या, आणि रेवाला उन्हात ओढ्यावर न्यायला मी तयार झाले नाही. फाटकातून परत आले.

आता रेवा दुसरीत आहे. अजूनही ती झोपली की मी एकदा जाऊन बघते. शालनचा फोन सुरुवातीला लागायचा, "बऱ्या हायेत" म्हणायची आणि ठेवायची. गेल्या मेपासून तो नंबर लागत नाही. विलासदादांचा नंबर माझ्याकडे नाही. गावातल्या दोघांना मेसेज केला, निळी खूण आली, उत्तर आलं नाही. हेलनाआजी नव्वदी ओलांडून गेल्या असतील.

म्हणून हे लिहिलं. तुमच्यापैकी कुणी वळिवड्याच्या, गांधीनगरच्या बाजूला राहत असाल, किंवा कामानिमित्त जाणं होत असेल, तर दुपारी ओढ्याच्या अंगाला जरा चक्कर टाका. प्लॉटांच्या मागे, वीटभट्टीच्या अलीकडे बघा. नऊवारी नेसलेल्या, निळ्या डोळ्यांच्या एक आजी खाली बसलेल्या दिसल्या तर घरी चला म्हणू नका, त्या येणार नाहीत. सावली करा, पाणी द्या, थोडा वेळ बसा. आणि दिसल्या नाहीत तर कृपा करून चौगुल्यांच्या घरापर्यंत जा आणि त्या कुठे आहेत ते विचारा. जे असेल ते मला कळवा.